वाचनालयाची सतरंजी कुणी घातली?

आम्ही हेंद्रेपाड्याच्या बायका आज तुमच्याशी वाचनालयांबद्दल बोलणार आहोत. हेंद्रेपाडा म्हणजे बदलापूर पश्चिमेचा, उल्हास नदीच्या अंगाचा भाग. नावात पाडा राहिलाय, भोवती मात्र इमारती झाल्यात. तरी वागणं-बोलणं अजून पाड्याचंच आहे. कुणाकडे बारसं असलं की भांडी चार घरांतून येतात.

वाचनालय म्हटलं की कपाटं, पुस्तकं आणि ‘शांतता राखा’ ही पाटी डोळ्यांपुढे येते. पण आपल्याकडची वाचनालयं नुसत्या पुस्तकांवर चाललेली नाहीत. तिथे व्याख्यानं होतात, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा होतात, दिवाळी अंकांचं प्रदर्शन लागतं, कुणी लेखक आला की त्याची मुलाखत होते. हे सगळं बहुतेक वेळा बिनपगारी माणसं करतात. कुठल्याही जुन्या वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडून बघा. अध्यक्ष, कार्यवाह, देणगीदार, उद्घाटक पाहुणे, सगळ्यांची नावं आणि फोटो सापडतात. सतरंजी कुणी घातली, चहा कुणी केला, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कुणी मोजून परत दिल्या, हे सापडत नाही. त्या माणसांत बायका किती होत्या, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून आज वाचनालयांचा इतिहास आपण सतरंजीच्या बाजूने बघू.

महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं वाचनालय रत्नागिरीचं, १८२८ सालचं. त्यानंतर नाशिकला १८४० मध्ये आणि पुण्याला १८४८ मध्ये वाचनालय निघालं. पुण्याच्या कामात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख पुढे होते. सुरुवातीला यांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असं इंग्रजी नाव असायचं. इंग्रज अधिकारी, इथले शिकलेले नोकरदार, वकील, सावकार यांनी वर्गणी काढून ही वाचनालयं उभी केली. वर्गणी भरेल तो सभासद. आता त्या काळात स्वतःच्या हातात वर्गणीचा पैसा कुठल्या बाईच्या होता? आणि पैसा असला तरी अक्षरओळख कुठे होती?

आमच्या जवळचं जुनं वाचनालय म्हणजे कल्याणचं सार्वजनिक वाचनालय. ते १८६४ सालचं. रेल्वे कल्याणला १८५४ मध्ये आली, दोन वर्षांनी ती बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. गाडीबरोबर टपाल आलं, वर्तमानपत्रं आली, परगावचे कारकून राहायला आले, आणि कल्याणसारख्या गावात वाचणारा वर्ग वाढला. आता एक योगायोग बघा. वाचनालय निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणातच यमुना जोशी नावाची मुलगी जन्मली. तीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. १८८६ साली अमेरिकेत तिने डॉक्टरकीची पदवी घेतली. गावात वाचनालय होतं, पण तिच्या हातात पाटी-पुस्तक आलं ते नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या हट्टामुळे. त्या काळात बाईचं वाचनालय म्हणजे तिचा नवरा. त्याला वाटलं तर पुस्तक घरात येणार, नाही तर नाही.

रमाबाई रानड्यांची गोष्टही तशीच. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, शिकवायला घेतलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोमण्यांनी हैराण केलं. हे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली निघालेल्या पुस्तकात स्वतः लिहिलंय. आम्हाला त्या टोमणे मारणाऱ्या बायकांचा नुसता राग येत नाही. ज्या घरात एक सून पुस्तक घेऊन बसते त्या घरात तिच्या वाटणीचं काम दुसरीच्या अंगावर पडतं. वाचायला आधी वेळ लागतो, आणि बाईचा वेळ घरातल्या सगळ्यांचा असतो. हे कोडं अजूनही सुटलेलं नाही, म्हणून वाचनालयाची वेळ संध्याकाळी पाच ते आठ असते आणि तीच नेमकी आपल्या पोळ्यांची वेळ असते.

ठाण्याला १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. याचं वेगळेपण हे की ते फक्त मराठी पुस्तकांसाठी होतं. इंग्रजी शिकलेल्या लोकांना मराठी पुस्तकं जमवण्यासारखी वाटत नव्हती, त्या काळात काही तरुणांनी ठरवलं की मराठीत छापलेलं मिळेल ते पुस्तक जपायचं. त्यांत पुढे होते विनायक लक्ष्मण भावे. पेशाने मिठागरांच्या व्यवसायातले आणि नाद जुन्या पोथ्यांचा. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिला. मिठाचा हिशोब ठेवणारा माणूस पोथ्यांचा हिशोब ठेवायला बसला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. पुढे १८९८ मध्ये मुंबईलाही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं.

आता कार्यक्रमांकडे वळू. सार्वजनिक व्याख्यानाची सवय महाराष्ट्राला लागली ती १८७५ पासून, पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेमुळे. ती न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी हीच रीत उचलली. पुस्तक घरी नेऊन एकट्याने वाचायचं असतं, व्याख्यान शंभरजण मिळून ऐकतात आणि ज्याला वाचता येत नाही तोही ऐकतो. मग १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तो मराठीतला पहिला दिवाळी अंक. त्यातून वाचनालयांना एक कायमचा कार्यक्रमच मिळाला. एकदा वर्गणी भरायची आणि दिवाळीपासून पुढे काही महिने सगळे अंक आळीपाळीने वाचायचे. फराळाचं ताट जसं घरोघर फिरतं तसे अंक फिरतात. आमच्यातल्या कित्येकजणी वाचायला लागल्या त्या या अंकांमुळेच. सगळ्यांत आधी पाककृती, मग भविष्य, मग कथा. हसू नका, सुरुवात कुठूनही झाली तरी चालते.

बायकांना घराबाहेर काढायला त्या काळी एक निमित्त हमखास चालायचं, ते म्हणजे हळदीकुंकू. सुधारक बायकांनी हे ओळखलं होतं. हळदीकुंकवाला जाते म्हटल्यावर सासू अडवत नसे, आणि तिथे गेल्यावर कुणी चार शब्द वाचून दाखवी, कुणी शिवणाचा वर्ग निघालाय म्हणून सांगे. आजही कितीतरी वाचनालयं आणि महिला मंडळं संक्रांतीला हळदीकुंकू ठेवतात आणि वाण म्हणून पुस्तक देतात. वाण म्हणून पुस्तक ही चांगलीच गोष्ट. पण आमचं एक म्हणणं आहे. वाचनालय हे सार्वजनिक ठिकाण. तिथे ज्या बाईचा नवरा गेलाय तिला दाराबाहेर ठेवणारा कार्यक्रम कसा चालेल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मग आपल्या वाचनालयाच्या संक्रांतीला सगळ्याच बायकांना बोलावून तिळगूळ आणि पुस्तक द्यायला काय हरकत आहे? कुंकवाचा करंडा घरी राहू दे.

सतरंजीवर कोण बसणार हा प्रश्न बायकांपुरताच नव्हता. जातीचा प्रश्न त्याहून कडक होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून चाललेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव. याच ठरावाच्या बळावर पुढे १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आता त्या यादीकडे पुन्हा बघा. विहीर आहे, दवाखाना आहे. वाचनालय त्यात नाही. बहुतेक वाचनालयं वर्गणीदारांची खासगी मंडळं होती, त्यामुळे दार कुणाला उघडायचं हे वर्गणीदारच ठरवत.

म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्देशांतच वाचनालयं, सामाजिक केंद्रं आणि अभ्यासवर्ग काढणं लिहिलं होतं. हे तीन शब्द एकत्र होते, ही आजच्या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. पुस्तक ठेवायची जागा, लोकांनी जमायची जागा आणि शिकायची जागा त्यांनी वेगळी मानली नाही. आजही एखाद्या वस्तीत गेलात तर बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात एक पुस्तकांचं कपाट दिसतं, आणि १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर तिथेच मुलांच्या स्पर्धा चाललेल्या असतात. सतरंजी तीच, कपाट तेच.

बाबासाहेब ज्यांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. त्यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरून जातं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यांची युक्ती साधी होती. गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच सरकार घालणार आणि तेवढीच तिथली स्थानिक पंचायत घालणार. म्हणजे गावाचा एक रुपया, हातात तीन. आपल्या बचत गटाच्या फिरत्या निधीची आठवण झाली ना? जिथे वाचनालय काढणं जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावाला पाठवायची. ती वाचून झाली की परत द्यायची आणि दुसरी मागवायची. गावातला मास्तर किंवा कुणी भला माणूस ती सांभाळी.

पण याच बडोद्यात बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून शिकून नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली कुणी दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. गावोगाव पुस्तकं पोचली होती, तरी माणसाला माणूस म्हणून दार उघडणं पोचलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच संस्थानातल्या, एकाच काळातल्या. आम्ही कुठलीच लपवणार नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने कायदा केला, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. हा कायदा समजून घ्या, कारण तुमच्या गावातलं वाचनालय याच्याखाली चालत असेल. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय बहुतेक ठिकाणी सरकार स्वतः चालवत नाही. गावातली नोंदणीकृत संस्था ते चालवते, सरकार तिला मान्यता देतं आणि अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं. पुस्तकं किती, सभासद किती, उघडं किती वेळ, कार्यक्रम किती, हे तपासून वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे वर्षाचं अनुदान मिळतं. तमिळनाडू, कर्नाटकात ग्रंथालयासाठी घरपट्टीबरोबर वेगळा कर घेतात, त्यातून पैसा उभा राहतो. आपल्या कायद्यात तसा कर नाही. राज्यात मान्यता असलेली वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात, आणि अनुदान तुटपुंजं. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला जे मिळतं त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि ग्रंथपालाचं मानधन, सगळं बसवायचं.

मानधन हा शब्द आपल्याला चांगला ठाऊक आहे. अंगणवाडी सेविकेला मानधन, आशाताईला मानधन. पगार म्हटलं की हक्क येतो, मानधन म्हटलं की उपकार. गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसणारी बाई किंवा पोरगा या मानधनावर असतो, आणि त्याच्यापलीकडे जे काम उरतं ते स्वयंसेवक करतात. पुस्तकांना कव्हरं घालणं, फाटलेली पानं खळीने चिकटवणं, नंबर टाकणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं. अनुदानाच्या तपासणीत ‘कार्यक्रम घेतले का’ हा रकाना भरतो तो या लोकांच्या जोरावर.

इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ. १९३०च्या दशकात तिथे मोठी मंदी होती. केंटकी नावाच्या डोंगराळ राज्यात रस्ते नव्हते, वाचनालयं नव्हती, आणि घरांत कमावणारं कुणी नव्हतं. सरकारने एक रोजगाराची योजना काढली. बायकांनी घोड्यावर किंवा खेचरावर पुस्तकं लादून डोंगरातल्या घराघरांत पोचवायची, महिन्याला २८ डॉलर मजुरी. घोडा मात्र ज्याचा त्याने आणायचा. बदलापूरला पूर्वी घोडे बदलायचे म्हणून हे नाव पडलं असं इथले लोक सांगतात, त्यामुळे आम्हाला या घोडेस्वार बायका अगदी आपल्या वाटतात. गंमत म्हणजे सरकार मजुरी द्यायचं पण पुस्तकांना पैसे द्यायचं नाही. पुस्तकं लोकांनी दान केलेली, जुनी, फाटकी. मग या बायकांनी फाटक्या मासिकांतली चित्रं, घरोघरच्या पाककृती, गोधड्यांचे नमुने, घरगुती औषधं असं सगळं वह्यांत चिकटवून नवीन पुस्तकं तयार केली. एका घरची पाककृती दहा कोसांवरच्या दुसऱ्या घरी पोचू लागली, आणि लोक याच वह्या मागून घेऊ लागले.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे बघा. पुस्तकांना अनुदान थोडंफार मिळतं, बाईच्या श्रमाला मिळत नाही. त्याच अमेरिकेत १९३३ साली तिथल्या ग्रंथालय संघटनेने अंदाज सांगितला होता की देशातली चारातली तीन सार्वजनिक वाचनालयं बायकांच्या मंडळांनी सुरू केलेली आहेत. केक विकून, नाटकं करून, घरातली पुस्तकं देऊन. इमारतींवर नावं मात्र मोठ्या देणगीदारांची लागली. म्हणजे सतरंजीचा प्रश्न फक्त आपल्या देशाचा नाही.

आता आजच्या काळात या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम विनायक रानडे यांनी सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी असते. साधारण पस्तीस वाचकांच्या गटाला ती देतात, आणि काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलतात. सोसायट्या, दवाखाने, तुरुंग, परदेशातले मराठी लोक, सगळीकडे या पेट्या गेल्या. सयाजीरावांचीच पेटी शंभर वर्षांनी पुन्हा फिरायला लागली म्हणायची. तिला इमारत लागत नाही. एक घर, एक वही आणि पुस्तक कुणाकडे गेलंय हे लक्षात ठेवणारी एक बाई लागते.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली, त्यांत बरीच लोकांची राहती घरं. एका घरात कविता, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात बालसाहित्य. चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. कुणीही यायचं, बसायचं, वाचायचं. आता विचार करा, आपल्या ओटीवर रोज अनोळखी माणसं येऊन बसणार म्हणजे झाडलोट कुणाची, पाणी कुणी द्यायचं? त्या घरांतल्या बायकांनी हे पेललं म्हणून ते गाव उभं राहिलं. बातम्यांत फोटो पुस्तकांचे येतात.

आणि आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावात शिवजयंतीच्या कार्यक्रमात वाचन चाललं होतं. ते ऐकून म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत यायला लागल्या. दुपारीच, कारण सकाळ घरच्या आणि शेतातल्या कामाची. शिकवायला गावातलीच एक सून. वर आम्ही पाच ते आठच्या वेळेबद्दल बोललो ना, त्याचं उत्तर फांगण्यात सापडतं. वेळ बायकांना विचारून ठरवली. आणि सुरुवात झाली ती एका कार्यक्रमातून. कुणीतरी मोठ्याने वाचलं, कुणीतरी ऐकलं, आणि ऐकणारीला वाटलं मलाही हवं.

बदलापुरात कलाशिक्षक श्याम जोशी यांनी उभारलेलं ग्रंथसखा वाचनालय आहे. जुनी मराठी पुस्तकं, बंद पडलेली मासिकं लोक रद्दीत घालत असताना त्यांनी ती जमवली, आणि आज लांबलांबून अभ्यास करणारे लोक त्यासाठी बदलापूरला उतरतात. शेजारी डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तकं बदलून देण्याचा उत्सव भरतो. वाचलेलं पुस्तक आणायचं, न वाचलेलं न्यायचं. केरळात तर वाचनालयांनी बायकांनाच नेमलंय. त्या पिशवीत पुस्तकं घालून डोंगरातल्या घरांतही जातात आणि घरातल्या बाईच्या हातात पुस्तक देतात. आपल्याकडेही गावच्या वाचनालयाला हे जमण्यासारखं आहे, त्याला वेगळा कायदा लागत नाही.

तुमच्या गटाने यातलं काही करायचं ठरवलं तर आमचे दोन-तीन अनुभवाचे बोल ऐका. पहिलं, सभासद व्हा ते स्वतःच्या नावाने. घरात एक कार्ड आहे ना, मग कशाला दुसरं, असं सगळे म्हणतात. पण कार्ड ज्याच्या नावावर, वार्षिक सर्वसाधारण सभेत मत त्याचं. कार्यकारिणी त्या सभेत निवडली जाते आणि वाचनालयाची वेळ कार्यकारिणी ठरवते. दुसरं, गटाची मासिक बैठक महिन्यातून एकदा वाचनालयात घ्या. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं एकीने काहीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पिकांवरची माहिती असो, कथा असो. वाचता न येणारी मैत्रीणही त्यात येते. तिसरं, काम केलं की वहीत लिहा. गटाचं दप्तर आपण किती नीट ठेवतो! तसंच, अमुक तारखेला व्याख्यान झालं, सतरंज्या हिने घातल्या, चहा तिने केला, पुस्तकांना कव्हरं या चौघींनी घातली, असं नावानिशी लिहून ठेवा आणि कार्यवाहांची सही घ्या. उद्या मानधनाची मागणी करायची वेळ आली तर हीच वही कामाला येईल.

शेवटची गोष्ट आमच्या भागाची, पण नदीकाठच्या सगळ्या गावांना लागू. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९, दोन्ही वेळा उल्हास नदीने बदलापूरला झोडपलं. २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती आणि हजाराच्या वर माणसं बाहेर काढावी लागली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. नदी चढली की हेंद्रेपाड्याचं नाव बातमीत येतं. तळमजल्यावर पुस्तकं असली तर मे महिन्यातच खालचे दोन कप्पे रिकामे करायचे. दाखल पुस्तकांची नोंदवही, सभासदांची वही आणि ती आपल्या कामाची वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर, सगळ्यांत आधी. पुस्तक पुन्हा मिळेल, नोंद मिळणार नाही.

आणि पुस्तकं भिजलीच तर कडक उन्हात टाकू नका, वाकडी होतात. चिकटलेली पानं ओढू नका. पुस्तक उभं करून पंख्यासारखं अर्धवट उघडायचं, मधेमधे कोरा कागद किंवा जुनं सुती कापड घालायचं, ते ओलं झालं की बदलायचं, आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचं. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते. एकदम खूप भिजली असतील आणि हात कमी असतील तर निवडक पुस्तकं पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढून वाळवा. चकचकीत कागदाची आधी घ्या, ती लवकर चिकटतात. भिजलेल्या सतरंज्या मात्र उन्हातच वाळवा.